पेनड्राइव्ह कितीही असोत, यादी एकाच जागी

अमळनेरला आमचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग दीर करतात, मिक्सिंग माझ्याकडे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे लग्नांची गर्दी उरकली, की टेबलावर मेमरी कार्डं, पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्क यांचा ढीग पडतो. मग भर पावसाळ्यात कुणी येऊन म्हणतं, "वहिनी, आमच्या बापूंचा हळदीतला फोटो काढून द्या ना, मोठा करायचाय." बापू गेलेले असतात. अशा माणसाला बसवून एकेक डिस्क लावून बघणं बरं दिसत नाही.

बहुतेक जण आधी फायली नीट लावायला घेतात आणि दुसऱ्या दिवशी कंटाळून सोडतात. फायली आहेत तशा राहू द्या. आधी कशात काय आहे ते कळलं पाहिजे.

प्रत्येक वस्तूला नंबर द्या: हार्डडिस्कला एच ०१, पेनड्राइव्हला पी ०१, कार्डाला सी ०१. नाव देऊ नका. 'लग्न २०१९' म्हणून ठेवलेल्या डिस्कवर वर्षभरात पोराचा प्रोजेक्ट, सातबाऱ्याचे स्कॅन आणि दोन अहिराणी पिक्चर येऊन बसतात. नंबर कधी खोटा पडत नाही. एखादी डिस्क मेली तरी तिचा नंबर दुसरीला देऊ नका.

नंबर अंगावर लिहा. मेमरी कार्डाला चिठ्ठी चिकटवू नका, ती कॅमेऱ्याच्या खाचेत अडकते. बारीक मार्करने पुढच्या बाजूला लिहा. बोटाच्या पेराएवढ्या स्टीलच्या पेनड्राइव्हला किल्लीचा टॅग बांधा. मग कंप्युटरला जोडून, राइट क्लिक करून, रिनेममध्ये तोच नंबर इंग्रजीत टाका. विंडोज त्याच डिस्कला आज ई म्हणतं, उद्या एफ; आपण दिलेलं नाव मात्र डिस्कबरोबर राहतं.

आता यादी. कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, डिस्कचं अक्षर आणि कोलन टाइप करून एंटर मारा. मग डी-आय-आर, जागा सोडून स्लॅश एस, जागा सोडून स्लॅश बी, त्यानंतर 'पेक्षा मोठे'चं चिन्ह आणि शेवटी कंप्युटरवरच्या याद्यांच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता. पत्त्याच्या शेवटी फायलीचं नाव म्हणून डिस्कचा नंबर लिहा आणि एंटर मारा. आतल्या सगळ्या फोल्डरांसकट प्रत्येक फायलीचं नाव त्या साध्या टेक्स्ट फायलीत उतरतं. फोल्डरांची नावं मराठीत असतील तर आधी सी-एच-सी-पी, जागा, ६५००१ टाइप करून एंटर मारा, नाहीतर यादीभर प्रश्नचिन्हं दिसतील. हे नको वाटत असेल तर व्हर्च्युअल व्हॉल्यूम्स व्ह्यू हा फुकट प्रोग्राम आहे. डिस्क कपाटात असली तरी तिच्यात काय आहे ते तो दाखवतो. मला टेक्स्ट फाइलच बरी वाटते. ती गूगल ड्राइव्हवर टाकली की लग्नाच्या मांडवात उभं राहूनही फोनवर शोधता येते.

पण यादीत शोधणार काय? निकॉनच्या फोटोंना डीएससी, कॅननच्यांना आयएमजी, पुढे चार आकडे. ९९९९ झाले की पुन्हा ०००१. एकाच नावाचा फोटो पाच डिस्कवर पाच वेगवेगळ्या नवऱ्यांचा निघतो. म्हणून निदान वरच्या फोल्डरचं नाव तरी बदला: '२०२४-०५-१० चोपडा', पुढे नवरदेव-नवरीची नावं, मग हळद किंवा लग्न. वर्ष आधी लिहिलं की फोल्डर आपोआप तारखेने लागतात. आडनावावर विसंबू नका. आमच्याकडे नुसतं 'पाटील' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. नवरीचं माहेर लिहिलंत तर आणखी चांगलं, कारण फोटो मागायला बऱ्याचदा माहेरचेच येतात.

एकाच लग्नाच्या फायली विखुरतात त्याचं एक कारण पेनड्राइव्हमध्येच असतं. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल बसतच नाही, जागा कितीही रिकामी असो. मग व्हिडिओचे तुकडे होतात, एक इकडे, एक तिकडे. असा पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटने फॉरमॅट करा आणि नंबर पुन्हा टाकायला विसरू नका.

कंप्युटरवरच्या यादीशेजारी एक कागदी वही हवीच. पी ०७ जळगावला अल्बम छापायला गेला, पी ०९ नवरदेवाच्या मेव्हण्याने नेला. कोणी, कधी नेलं आणि परत आलं का, एवढंच लिहा. याच वहीत जोडप्रत, म्हणजे त्याच फायलींची दुसरी कॉपी, कोणत्या नंबरवर आहे तेही टाका. जोडप्रत दुसऱ्या घरी ठेवा. आमची माझ्या भावाकडे धरणगावला असते. आणि मे महिन्यात काहीही गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आपल्याकडे सावलीतच पारा ४५ च्या घरात जातो, आणि पेनड्राइव्ह, कार्डं यांतला डेटा उष्णतेने लवकर खराब होतो.

डिस्कवर नवीन काही टाकलंत की ती काढण्याआधी तीच कमांड पुन्हा चालवा. जुन्या यादीवर नवी बसते, वेगळं काही करावं लागत नाही. डिस्क बंद पडली तर मात्र तिची यादी पुसू नका. काय काय गेलं ते तिच्यातूनच कळतं, आणि गिऱ्हाइकाला फोन करून 'तुम्हाला दिलेला पेनड्राइव्ह दोन दिवस आणून द्या' असं नेमकं सांगता येतं.