कीबोर्डची थरथर बंद करायची तर कुठला स्विच दाबायचा?

टाइप करताना दर अक्षराला फोन थरथरतो, ते थांबवायचा स्विच बहुतेक वेळा फोनच्या मुख्य सेटिंग्जमध्ये नसतो, कीबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये असतो. लोक मात्र आधी ‘साउंड अँड व्हायब्रेशन’ उघडतात आणि दिसेल तो पहिला स्विच बंद करून मोकळे होतात. मग कधी कीबोर्ड तसाच थरथरत राहतो, तर कधी तो थांबतो पण सायलेंटवर ठेवलेल्या फोनवर आलेला कॉलही कळेनासा होतो. म्हणून आधी कीबोर्ड, आणि तिथं काम झालं नाही तरच फोनच्या सेटिंग्ज, हा क्रम पाळा.

कोणता कीबोर्ड चालू आहे ते बघा

एका फोनमध्ये दोन-तीन कीबोर्ड असणं आपल्याकडे नेहमीचं आहे. सॅमसंगच्या फोनवर कंपनीचा कीबोर्ड आधीच असतो. त्यावर मराठी जमत नाही म्हणून, किंवा रोमन अक्षरांत लिहिलं की देवनागरी उमटावं म्हणून, कुणीतरी जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड) टाकून दिलेला असतो. मग सेटिंग बदलली जाते एका कीबोर्डमध्ये आणि लिहिणं चालू असतं दुसऱ्यात. ‘बंद केलं तरी बंद होत नाही’ या तक्रारीमागे सर्वांत जास्त वेळा हेच असतं.

खात्री करायला कुठल्याही मेसेजच्या रकान्यात टॅप करून कीबोर्ड वर आणा. एकाहून जास्त कीबोर्ड चालू असतील तर बहुतेक अँड्रॉइड फोनांवर स्क्रीनच्या अगदी खालच्या कोपऱ्यात कीबोर्डचं छोटं चिन्ह दिसतं. त्यावर टॅप केलं की यादी येते आणि ज्याच्यापुढे खूण असेल तो सध्याचा कीबोर्ड. जीबोर्डवर स्पेसबार दाबून धरला तरी अशीच यादी उघडते.

थरथर नक्की कीबोर्डचीच आहे ना, हेही याच वेळी तपासून घ्या. नोट्समध्ये चार शब्द लिहा. मग कॉलसाठीचा डायल पॅड उघडून दोन आकडे दाबा, आणि शेवटी कडेने बोट सरकवून मागे जा. तिन्ही ठिकाणी फोन थरथरत असेल तर मामला फोनच्या सेटिंगचा आहे. फक्त लिहिताना थरथरत असेल तर कीबोर्डचा.

जीबोर्ड

१. कीबोर्ड वर आणा. वरच्या पट्टीत गिअरचं चिन्ह असेल तर त्यावर टॅप करा. नसेल तर पट्टीच्या डाव्या टोकाला चार चौकोनांचं चिन्ह असतं, ते उघडून ‘सेटिंग्ज’ निवडा.

२. ‘प्रेफरन्सेस’ मध्ये जा.

३. खाली ‘की प्रेस’ या गटापर्यंत सरका. तिथला ‘हॅप्टिक फीडबॅक ऑन कीप्रेस’ बंद करा (‘हॅप्टिक’ म्हणजे बोटाला जाणवणारी थरथर).

काम एवढंच. सेव्ह वगैरे काही करावं लागत नाही, मागे येऊन लिहायला लागा. फोनची भाषा मराठी असेल तर ही नावं मराठीत दिसतील, पण क्रम तोच राहतो. आणि हा स्विच सगळ्या भाषांना मिळून एकच आहे. मराठीसाठी वेगळा, इंग्रजीसाठी वेगळा असं काही नाही.

गिअर सापडत नसेल तर स्वल्पविरामाचं बटण दाबून धरायची जुनी युक्ती आहे: दाबून धरा, वर गिअर दिसेल, बोट न उचलता त्याच्यावर न्या आणि सोडा. मात्र ईमेलच्या रकान्यात स्वल्पविरामाच्या जागी ‘@’ येतं आणि ब्राउझरच्या पत्त्याच्या रकान्यात तिरकी रेघ, त्यामुळे तिथं ही युक्ती चालत नाही. साध्या मेसेजच्या रकान्यात करून बघा. तेही नको असेल तर फोनच्या सेटिंग्जमधून जाता येतं: ‘सिस्टिम’, मग ‘कीबोर्ड’ (जुन्या अँड्रॉइडवर ‘लँग्वेजेस अँड इनपुट’), मग ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड’, मग जीबोर्ड. शाओमी, रेडमी, पोकोच्या फोनांवर हाच रस्ता सहसा ‘ॲडिशनल सेटिंग्ज’ मधून जातो.

त्याच गटात ‘साउंड ऑन कीप्रेस’ आहे. तो टक-टक आवाजाचा स्विच आहे, थरथरीशी त्याचा संबंध नाही. दोन्ही नको असतील तर दोन्ही वेगवेगळे बंद करा. ‘पॉपअप ऑन कीप्रेस’ मात्र चालू ठेवलेला बरा. दाबलेलं अक्षर क्षणभर मोठं होऊन दिसतं, त्यामुळे थरथर गेल्यावर बटण दाबलं गेलं की नाही ही शंका राहत नाही. देवनागरीत दाट बटणांवर अंगठा चुकून शेजारी पडतो, तिथं याचा फार उपयोग होतो. फक्त चारचौघांत पासवर्ड टाकताना तेच अक्षर शेजाऱ्यालाही दिसतं, याचं भान असू द्या.

पूर्ण बंद करण्याआधी कमी करून बघा

थरथरीचा वैताग येतो तो बऱ्याचदा थरथरीचा नसून फोनमधल्या मोटरचा असतो. स्वस्त फोनांत पूर्वापार एक छोटी फिरती मोटर वापरतात. तिच्या आसावर एका बाजूला जड तुकडा असतो आणि तो फिरला की फोन हलतो. तिला वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लागतो. भराभर लिहिताना आधीच्या अक्षराची थरथर संपत नाही तोच पुढची सुरू होते, आणि हाताला अखंड गुरगुर जाणवते. महागड्या फोनांत फिरणाऱ्या मोटरऐवजी सरळ रेषेत मागेपुढे हलणारं वजन असतं. ते झटकन सुरू होतं, झटकन थांबतं, म्हणून तिथं दर अक्षराला एक नेमकी टिचकी बसल्यासारखं वाटतं. दोन फोनांवर एकच सेटिंग असूनही एक सुखाचा आणि दुसरा डोकेदुखीचा वाटतो तो यामुळे.

जीबोर्डमध्ये स्विचच्या खालीच ‘व्हायब्रेशन स्ट्रेंग्थ ऑन कीप्रेस’ आहे. ते सुरुवातीला ‘सिस्टिम डिफॉल्ट’ वर असतं. बऱ्याच फोनांवर पट्टी सरकवली की आकडा मिलिसेकंदांत दिसतो, म्हणजे मोटर किती वेळ चालवायची तो काळ. तो एकेक पायरी कमी करत लिहून बघा. फिरत्या मोटरच्या फोनवर फार खाली आणला तर मोटर वेग घेण्याआधीच वीज तुटते आणि काहीच जाणवत नाही. तसं झालं तर सरळ स्विचच बंद करा. आमचं मत विचाराल तर फिरत्या मोटरच्या फोनवर ही थरथर ठेवण्यात काही हशील नाही.

बॅटरीसाठी बंद करत असाल तर फार अपेक्षा ठेवू नका. मोटर वीज खाते हे खरं, पण स्क्रीन आणि डेटापुढे तिचा वाटा किरकोळ. रात्री शेजारी कुणी झोपलेलं असणं, मीटिंगमध्ये टेबलावर ठेवून लिहिताना होणारी घरघर, स्पीकरवर कॉल चालू असताना माइकमधून पलीकडे जाणारा आवाज, ही कारणं जास्त पटण्यासारखी आहेत.

सॅमसंग कीबोर्ड

इथं दोन वाटा आहेत आणि दोन्ही एकाच ठिकाणी पोचतात. कीबोर्डवरच्या गिअरमधून ‘स्वाइप, टच अँड फीडबॅक’, मग ‘टच फीडबॅक’, आणि तिथं ‘व्हायब्रेशन’ बंद. किंवा फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘साउंड्स अँड व्हायब्रेशन’, त्यात ‘सिस्टिम व्हायब्रेशन’ (वन यूआय या सॅमसंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत ‘सिस्टिम साउंड/व्हायब्रेशन कंट्रोल’), आणि तिथं ‘सॅमसंग कीबोर्ड’ समोरचा स्विच. दुसरी वाट सोयीची, कारण त्याच यादीत डायल पॅड, चार्जर लावल्यावरची थरथर, बोट सरकवून मागे जातानाची थरथर असे स्विच वेगवेगळे मिळतात. नको तेवढेच बंद करता येतात.

पण या यादीतला ‘सॅमसंग कीबोर्ड’ हा स्विच फक्त सॅमसंगच्या कीबोर्डचा आहे. तुम्ही जीबोर्डवर लिहीत असाल तर तो बंद करून काहीही होणार नाही, वर दिलेल्या जीबोर्डच्या पायऱ्याच कराव्या लागतील.

स्विफ्टकी हा मायक्रोसॉफ्टचा कीबोर्ड वापरणाऱ्यांनी कीबोर्डच्या पट्टीतून ‘सेटिंग्ज’ आणि मग ‘साउंड अँड व्हायब्रेशन’ मध्ये जाऊन थरथरीचा स्विच बंद करावा. इथंही थरथर किती वेळ टिकावी ते पट्टीने ठरवता येतं.

आयफोन

आयफोनच्या कीबोर्डला ही सोय २०२२ मध्ये आयओएस १६ बरोबर आली, आणि मुळात ती बंदच असते. म्हणजे थरथरत असेल तर कधीतरी कुणीतरी चालू केलेली आहे. ‘सेटिंग्ज’, ‘साउंड्स अँड हॅप्टिक्स’, ‘कीबोर्ड फीडबॅक’ असं जा आणि ‘हॅप्टिक’ बंद करा. वरचा ‘साउंड’ हा आवाजाचा.

त्याच पानाच्या तळाशी ‘सिस्टिम हॅप्टिक्स’ दिसतं. तो स्विच फोनभरच्या छोट्या टिचक्यांचा आहे, त्याला हात लावायची गरज नाही. ‘ॲक्सेसिबिलिटी’ मधल्या ‘टच’ खाली ‘व्हायब्रेशन’ नावाचाही एक स्विच आहे. कीबोर्डसाठी तो अजिबात बंद करू नका. त्याने फोनची झाडून सगळी थरथर बंद होते, भूकंप आणि इतर आपत्कालीन इशाऱ्यांचीसुद्धा.

आयफोनवर जीबोर्ड टाकला असेल तर ॲपलच्या पानावर काही केलं तरी फरक पडत नाही. जीबोर्डचं ॲप उघडून त्याच्या कीबोर्ड सेटिंग्जमध्ये हॅप्टिकचा स्विच बंद करावा लागतो.

फोनच्या सेटिंग्ज कधी उघडायच्या

डायल पॅड, मागे जाणं, स्विच दाबणं, सगळीकडचीच थरथर नको असेल तेव्हा. गूगलच्या पिक्सेल फोनांसारख्या साध्या अँड्रॉइडवर ‘साउंड अँड व्हायब्रेशन’, मग ‘व्हायब्रेशन अँड हॅप्टिक्स’. तिथं सर्वांत वर ‘यूज व्हायब्रेशन अँड हॅप्टिक्स’ हा मुख्य स्विच असतो. तो बंद केला की कॉल आणि नोटिफिकेशनची थरथरही गेली. तो सोडा आणि खाली ‘टच फीडबॅक’ ची पट्टी शून्यावर आणा. नव्या अँड्रॉइड आवृत्त्यांत याच पानावर कीबोर्डसाठीही वेगळा स्विच दिलेला असतो. शाओमीवर ‘हॅप्टिक फीडबॅक’, तर ओप्पो, रिअलमी, वनप्लसवर ‘हॅप्टिक्स’ किंवा ‘टच व्हायब्रेशन’ अशा नावांनी हीच गोष्ट आवाजाच्या सेटिंग्जमध्ये असते. प्रत्येक अपडेटला मेन्यू इकडचा तिकडे होतो, त्यामुळे सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘हॅप्टिक’ किंवा ‘व्हायब्रेशन’ लिहून शोधणं सोपं पडतं.

तरीही थरथरतो?

फक्त पासवर्ड टाकताना थरथरत असेल तर कीबोर्ड नीट निरखून बघा. ओप्पो, रिअलमी, वनप्लस, विवो अशा फोनांवर पासवर्डच्या रकान्यात कंपनीचा ‘सिक्युअर कीबोर्ड’ आपोआप उघडतो. तो वेगळा कीबोर्ड असल्यामुळे जीबोर्डचा स्विच त्याला लागू होत नाही. त्याची थरथर फोनच्या टच व्हायब्रेशनमधून बंद होते का ते बघा. बँकांच्या काही ॲपमधला आकड्यांचा कीपॅडही ॲपचा स्वतःचा असतो, त्याचंही असंच.

कधी थरथर जाते, कधी परत येते, असं होत असेल तर बॅटरी सेव्हरकडे बघा. बॅटरी सेव्हर चालू झाला की बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर स्पर्शाची थरथर आपोआप थांबते आणि चार्जिंगनंतर तो बंद झाला की पुन्हा सुरू होते. तुमची सेटिंग कधी बदललेलीच नसते. कीबोर्डचा स्विच बंद आहे की नाही ते बॅटरी भरलेली असतानाच तपासा. कीबोर्ड ॲपचं स्टोरेज ‘क्लिअर’ केलं असेल, किंवा नवा फोन घेतला असेल, तरी स्विच मूळपदावर जातो. स्टोरेज क्लिअर करताना कीबोर्डने शिकलेले तुमचे शब्दही जातात, म्हणून एवढ्यासाठी ते करू नका.

टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) वापरत असाल तर त्याची थरथर स्वतंत्र असते. टॉकबॅकच्या सेटिंग्जमध्ये ‘साउंड अँड व्हायब्रेशन’ खाली ‘व्हायब्रेशन फीडबॅक’ बंद करता येतं. पण जे न बघता फोन वापरतात त्यांना ही थरथर वाट दाखवते, तेव्हा दुसऱ्या कुणाच्या फोनवर ती परस्पर बंद करू नका.

सगळं करून झालं आणि काहीच कळत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये चालू करा. बहुतेक अँड्रॉइड फोनांवर पॉवरचा मेन्यू उघडून ‘पॉवर ऑफ’ वर बोट दाबून धरलं की सेफ मोडबद्दल विचारणा होते. या मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप बंद असतात आणि फोनचा मूळ कीबोर्ड येतो. तिथं थरथर थांबली तर बाहेरचा कीबोर्ड किंवा दुसरं एखादं ॲप कारण आहे. नेहमीसारखा रीस्टार्ट करून अलीकडे टाकलेली ॲप एकेक काढत बघा. आणि काहीही न दाबता फोन गुरगुरतच राहत असेल, विशेषतः पाण्यात पडून गेलेला असेल, तर बिघाड मोटरचा किंवा तिच्या जोडणीचा असण्याची शक्यता मोठी आहे. तिथं कुठल्याही स्विचचा उपयोग नाही, फोन बंद करून दुरुस्तीला द्या.