निवांत रन नक्की किती निवांत?

सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी म्हणून रोज यवतेश्वर घाटात जीव काढायचा आणि मग टायमिंग सुधरत नाही म्हणून रडायचं, असे लय जण आहेत. अहो, आठवड्यात पाच रन असतील तर चार निवांतच पाहिजेत, व्यायामशास्त्राचा संशोधक स्टीफन सायलरने एलिट खेळाडूंचं ट्रेनिंग तपासलं तेव्हा साधारण हेच 80-20 (80 टक्के निवांत, 20 टक्के जोरात) दिसलं.

आता निवांत म्हणजे किती? 220 वजा वय हे जास्तीत जास्त हार्ट रेट काढायचं सूत्र सोडून द्या, ते कोणाकोणाचं दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. पहाटे, ऊन यायच्या आत, सपाट रस्त्यावर वॉर्मअप करून एक तास एकाच पेसने पळा आणि पहिल्या अर्ध्या तासाचा सरासरी हार्ट रेट दुसऱ्याशी ताडून बघा. 140 चा 144 झाला तर ठीक, 5 टक्क्यांच्या आत आहे. 150 झाला तर पेस जास्तच होता, पुढच्या वेळी हळू. चेस्ट स्ट्रॅपच (छातीला बांधायचा हार्ट रेट पट्टा) लावा, मनगटावरचा सेन्सर घामात काहीही दाखवतो.

पेस निवांत आहे का हे लॅबमध्येही बघता येतं. तिथे मास्क लावून करतात त्या टेस्टमध्ये बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन असा आकडा मिळतो, 0.7 च्या आसपास म्हणजे मुख्यतः फॅट जळतंय, 1 कडे गेला की कार्ब्स. पण आदल्या रात्री भात दाबून सकाळी केळं खाऊन गेलात तर तो वर सरकतो, म्हणून दरवेळी खाणं सेमच ठेवा.

घाट आठवड्यातून एकदा बास!