उंदराच्या मेंदूतील धमनीवर पोटॅशियमची चाचणी कशी घ्यावी

चेतापेशी काम करू लागल्या की त्यांच्यातून पोटॅशियम बाहेर पडते आणि काही सेकंदांतच त्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो. या दोन घटनांमधला एक दुवा म्हणजे रक्तवाहिन्यांमधील केआयआर (इनवर्ड रेक्टिफायर) जातीचे पोटॅशियम चॅनेल, म्हणजे पेशीच्या पटलातील पोटॅशियमची दारे. त्यांचे काम डोळ्यांनी पाहायचे असेल, तर उंदराची पश्च प्रमस्तिष्क धमनी आणि प्रेशर मायोग्राफ (धमनीत दाब देऊन तिचा व्यास मोजणारे उपकरण) पुरेसा आहे. मात्र प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी हाती असली पाहिजे.

धमनी बर्फात गार केलेल्या क्षारद्रावणात, ताण न देता सोडवावी. तिचे एक टोक काचेच्या कॅन्युलावर (बारीक नळीवर) चढवून नायलॉनच्या तंतूने बांधावे, आतले रक्त हलक्या हाताने धुऊन काढावे आणि मग दुसरे टोक बंद करावे. द्रावण ३७ अंश सेल्सिअसवर ठेवून दाब टप्प्याटप्प्याने ६० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत न्यावा. येथे दाबाचा नळ बंद करून काटा पाहावा. तो घसरला, तर एखादी बारीक शाखा उघडी आहे. मी सुरुवातीला हे न तपासता गळक्या धमन्या ‘निष्क्रिय’ म्हणून वहीत नोंदवल्या होत्या.

गळती नसेल, तर तासाभरात धमनी आपणहून आकसते. दाबाने तिच्या स्नायुपेशींचे विभव (पेशीच्या आत-बाहेरील विद्युत फरक) उणे ४५ मिलिव्होल्टच्या आसपास येते, कॅल्शियमचे चॅनेल उघडतात आणि आकुंचन टिकते. हे आकुंचन आलेच नाही, तर पुढची चाचणी घेण्यात अर्थ नाही.

आता बाहेरील पोटॅशियम ३ वरून १० मिलिमोलर करावे आणि तेवढेच सोडियम कमी करावे, म्हणजे परासरण दाब बदलणार नाही. धमनी रुंदावेल. त्यानंतर ६० मिलिमोलर द्यावे. तीच धमनी घट्ट आवळेल. पेशीत सुमारे १४० मिलिमोलर पोटॅशियम धरले, तर त्याचे संतुलन विभव (ज्या विभवाला पोटॅशियमची निव्वळ ये-जा थांबते ते) बाहेर ३ असताना उणे १०३, १० असताना उणे ७० आणि ६० असताना उणे २३ मिलिव्होल्ट येते. पोटॅशियम १० झाले की केआयआर चॅनेल अधिक उघडतात आणि पेशीला उणे ७० कडे ओढतात, त्यामुळे कॅल्शियमचे दार मिटते. ६० झाल्यावर मात्र ओढण्याची दिशाच उलटते.

रुंदावणे केआयआरमुळेच झाले का, हे पाहण्यासाठी केआयआर चॅनेल अडवणारे ३० मायक्रोमोलर बेरियम क्लोराइड घालून १० मिलिमोलरची पायरी पुन्हा घ्यावी; रुंदावणे केआयआरमुळे असेल, तर ते आता दिसणार नाही. द्रावणात मॅग्नेशियम सल्फेटऐवजी मॅग्नेशियम क्लोराइड वापरावे, अन्यथा बेरियम सल्फेटचा साका बसतो आणि औषध धमनीपर्यंत पोहोचतच नाही. कॅल्शियमवर चालणाऱ्या बीके या दुसऱ्या पोटॅशियम चॅनेलसाठी आयबेरिओटॉक्सिन हा वेगळा अवरोधक आहे. तो मिळतो कोकणवासीयांच्या चांगल्याच ओळखीच्या लाल विंचवाच्या विषातून.

बेरियम धुऊन १० मिलिमोलरचा प्रतिसाद परत येतो का, हे पाहावे. न आल्यास धमनीच थकली आहे असे समजून तो दिवस सोडून द्यावा. आल्यास शेवटी कॅल्शियमविरहित द्रावणात डिल्टियाझेम (कॅल्शियमचे चॅनेल अडवणारे औषध) घालून पूर्ण सैल व्यास मोजावा, कारण आकसण्या-रुंदावण्याच्या सगळ्या टक्केवाऱ्या त्यावरूनच काढायच्या असतात.