कर्करोगाच्या औषधखर्चासाठी मदत: मुंबईत ती कोठे आणि कोणत्या क्रमाने मागावी

कर्करोगाच्या औषधांसाठी मदत मागण्यास बहुतेक कुटुंबे उशीर करतात, आणि त्यामागे अज्ञानापेक्षा भीड अधिक असते. आधी बँकेतील ठेव मोडली जाते, मग दागिने गहाण पडतात, आणि सारे संपल्यावर न्यासांची दारे ठोठावली जातात. शासकीय निधी आणि न्यास मात्र सहसा पुढे होणाऱ्या खर्चासाठी, तेही थेट रुग्णालयाच्या खात्यात, पैसे देतात. भरून झालेल्या बिलाची परतफेड क्वचितच होते. म्हणून पहिली खेप विकत घेण्याआधीच अर्जांची तयारी सुरू करावी.

सर्वप्रथम डॉक्टरांना विचारावे की लिहून दिलेल्या औषधाचे जेनेरिक (तेच औषध, पण मूळ ब्रँडशिवाय) किंवा बायोसिमिलर (जैविक औषधाशी मिळतेजुळते) रूप चालेल का. रक्ताच्या एका कर्करोगावरील इमॅटिनिब या औषधाच्या बाबतीत नोव्हार्टिस या स्विस कंपनीचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात टिकून राहिल्या. स्तनाच्या कर्करोगात वापरल्या जाणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या इंजेक्शनचेही भारतीय पर्याय उपलब्ध आहेत. छापील किंमत ही अंतिम किंमत समजू नये. रुग्णालयाचे औषधालय, अमृत फार्मसी (केंद्र सरकारच्या योजनेतील सवलतीचे औषधदुकान) आणि जनऔषधी केंद्र येथे भाव विचारून मगच खरेदी करावी. बदल मात्र डॉक्टरांच्या संमतीशिवाय करू नये.

त्यानंतर रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये त्यांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि कोणता निधी कोणत्या रुग्णाला लागू पडेल हे त्यांच्याइतके क्वचितच कोणाला ठाऊक असते. सोबत शिधापत्रिका, आधार, बायोप्सीचा अहवाल, उत्पन्नाचा दाखला आणि डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचे खर्चाचे अंदाजपत्रक न्यावे. अंदाजपत्रकात औषधाचे नाव, मात्रा, एकूण किती सायकल (औषधाच्या फेऱ्या) आणि प्रत्येकीचा खर्च स्पष्ट लिहून घ्यावा, कारण मोघम आकड्याचे कागद परत येतात. जळगाव-कोल्हापूरकडून आलेल्यांनी हे लक्षात ठेवावे की उत्पन्नाचा दाखला आपल्या तालुक्याच्या तहसीलदारांकडूनच मिळतो. तो आपले सरकार संकेतस्थळावरून मागवता येतो, किंवा गावाकडील कोणावर ते काम सोपवावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या अशा सर्व शिधापत्रिकाधारकांना प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयातील आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) किंवा १५५३८८ हा क्रमांक याची माहिती देतो. अडचण अशी की ही योजना ठरावीक उपचारांच्या पॅकेजांवर चालते, त्यामुळे प्रत्येक महागडे टार्गेटेड औषध (कर्करोगाच्या पेशींतील ठरावीक घटकावर नेम धरणारे) किंवा इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढवणारा उपचार) तिच्यात बसेलच असे नाही. आपले औषध बसते का, हे आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे.

खासगी धर्मादाय रुग्णालयात उपचार सुरू असतील तर वेगळा हक्क लागू होतो. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि त्यासाठी इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळी काढावी लागते. रुग्णालयाने टाळाटाळ केल्यास वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करता येते. तोंडी विनवणीपेक्षा या अर्जाचा उपयोग जास्त होतो.

एवढ्याने न भागल्यास मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, इंडियन कॅन्सर सोसायटी, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि सिद्धिविनायक मंदिर न्यास यांच्याकडे एकाच वेळी अर्ज करावेत. प्रत्येक अर्जात इतरत्र मंजूर झालेली रक्कम लपवू नये, कारण पैसे एकाच रुग्णालयात जमा होत असल्याने ती उघड होतेच. अर्ज मंजूर करून देण्यासाठी टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवावे.

पेटंटखालील नव्या औषधांसाठी मात्र कंपनीची रुग्ण-साहाय्य योजना अनेकदा या साऱ्यांपेक्षा मोठा आधार ठरते: काही खेपा विकत घेतल्यास पुढील खेपा मोफत, असे तिचे स्वरूप बहुधा असते. नोंदणी उपचार करणाऱ्या डॉक्टरांमार्फतच होते, म्हणून पहिल्या खरेदीपूर्वीच त्यांच्याकडे चौकशी करावी आणि मूळ बिले तसेच रिकामी खोकी व कुप्या जपून ठेवाव्यात. पुढची खेप देताना काही कंपन्या त्या परत मागतात.