ऑफिसातल्या खासगी नेट वापराला शिस्त कशी लावावी

"नेट स्लो आहे", "पोरं सारखी मोबाइलवर असतात", "कुणीतरी कॉम्प्युटरवर भलतंच काहीतरी डाउनलोड केलंय." या तिन्ही तक्रारी मालकाच्या तोंडून एका दमात निघतात आणि उपायही एकच सुचतो: सगळं ब्लॉक करून टाका. पण या तीन निरनिराळ्या अडचणी आहेत. लाइनवरचा भार राउटर सांभाळतो. व्हायरस आणि फसवणुकीचा धोका फिल्टर आणि नियम मिळून कमी करतात. वाया जाणारा वेळ मात्र कुठलंही यंत्र वाचवत नाही, ते काम देखरेख करणाऱ्या माणसाचंच. ऑफिसच्या वाय-फायवर इन्स्टाग्राम बंद केलं की रील्स मोबाइल डेटावर चालू राहतात. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी फोनचा हॉटस्पॉट लावून ऑफिसचा लॅपटॉप त्याला जोडतो आणि तुमचा फायरवॉल (बाहेरचा धोका अडवणारी यंत्रणा), फिल्टर सगळं एका झटक्यात बाजूला पडतं.

पुढे दिलेली पद्धत पंधरा ते चाळीस माणसांच्या ऑफिससाठी आहे: करसल्लागाराचं ऑफिस, एमआयडीसीतल्या कारखान्याचे अकाउंट्स आणि परचेस विभाग, ट्रान्सपोर्ट कंपनी वगैरे.

आधी मोजा, मग बोला

कुणावरही बोट ठेवण्याआधी आठवडाभर राउटरवर बघा की कोणता आयपी (नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणारा पत्ता) किती डेटा ओढतोय. करसल्लागाराचं ऑफिस असेल तर या आठवड्यात ११ किंवा २० तारीख येऊ द्या. जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या त्या दिवसांतच नेटची खरी ओढाताण दिसते. अर्थात त्या दिवशी कधी कधी पोर्टलच लटकतं. तेव्हा दुसरी एखादी साइट आणि स्पीड टेस्ट लावून पाहिल्याशिवाय दोष ऑफिसच्या लाइनवर टाकू नका.

मोजल्यावर बऱ्याचदा भलताच चोर सापडतो. उदाहरणार्थ सीसीटीव्ही. आठ कॅमेऱ्यांचं मुख्य स्ट्रीम प्रत्येकी ४ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद, नेटच्या वेगाचं माप) धरलं, तर साहेबांनी घरून मोबाइलवर आठही कॅमेरे उघडताच ३२ एमबीपीएस अपलोड सुरू होतं. अपलोड भरलं की डाउनलोडही अडखळतं, कारण आलेल्या प्रत्येक डेटाची पोच परत पाठवावी लागते आणि ती पोच रांगेत अडकते. उपाय सोपा आहे: मोबाइल अॅपमध्ये मुख्य स्ट्रीमऐवजी सब-स्ट्रीम, म्हणजे कमी दर्जाचं चित्र, निवडा. प्रत्येक कॅमेरा साधारण अर्ध्या एमबीपीएसवर येतो. दुसरा चोर म्हणजे वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हवर दिवसा चालणारा बॅकअप. तो रात्री लावा किंवा त्याच्या सेटिंगमध्ये अपलोडला मर्यादा घाला. तिसरा विंडोज अपडेट. त्यातल्या 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये लोकल नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरकडून अपडेट घ्यायची सोय आहे. ती चालू केली की प्रत्येक मशीनला सगळं बाहेरून ओढावं लागत नाही.

एवढं केल्यावरही नेट रखडत असेल, तरच खासगी वापराकडे वळा.

दोन नेटवर्क, दोन मर्यादा

ऑफिसची मशीन, प्रिंटर आणि टॅलीचा सर्व्हर एका नेटवर्कवर ठेवा. सगळ्यांचे फोन आणि पाहुणे दुसऱ्यावर. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं ते याचसाठी. त्यात 'क्लायंट आयसोलेशन' चालू करा, म्हणजे एखाद्या फोनमधला व्हायरस शेजारच्या यंत्रापर्यंत पोचणार नाही. ऑफिस नेटवर्कचा पासवर्ड कर्मचाऱ्यांना द्यायचा नाही, मशीनमध्ये स्वतः टाकायचा. गेस्टचा पासवर्ड खुशाल भिंतीवर लावा.

आता आकडे. समजा लाइन १०० एमबीपीएसची आहे. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी स्पीड मोजा. सर्वांत कमी आकडा ९४ आला, तर राउटरवर एकूण मर्यादा ८५ ते ९० लावा. हे उलटं वाटेल, पण रांग नेटवाल्याच्या यंत्रात लागण्यापेक्षा तुमच्या राउटरमध्ये लागलेली बरी, कारण तिथे कुणाला आधी सोडायचं हे तुमच्या हातात असतं. त्यातले १५ एमबीपीएस गेस्टला आणि तिथे प्रत्येक फोनला कमाल २. एवढ्यात व्हॉट्सअॅप कॉल नीट चालतो आणि यूट्यूब ४८० पिक्सेलवर दिसतं. १०८० साठी साधारण ५ लागतात, तेवढे मिळत नाहीत म्हणून व्हिडिओ आपोआप खालच्या दर्जावर येतो. कुणाचंच काही बंद होत नाही, त्यामुळे हॉटस्पॉट लावायची गरजही उरत नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमधली. मर्यादा लावलेली असते, पण फोन तरीही पूर्ण वेगाने पळतात. कारण मूळ सेटिंगमधला 'फास्टट्रॅक' नियम चालू असतो आणि त्यातून गेलेला डेटा सिंपल क्यूला (वेगाची मर्यादा लावणाऱ्या नियमाला) वळसा घालून जातो. तो नियम बंद करा, आधीची कनेक्शन तुटू द्या आणि मग तपासा. दुसरी चूक फोनच्या मॅक पत्त्याला (यंत्राच्या ओळखक्रमांकाला) धरून मर्यादा घालण्याची. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायला खरा पत्ता न देता बनावट पत्ता देतात. आज केलेली यादी उद्या निरुपयोगी ठरू शकते. म्हणून मर्यादा सबंध गेस्ट नेटवर्कला आणि प्रत्येक आयपीला सारखी लावा. मायक्रोटिकमधली पीसीक्यू ही सोय हेच करते.

क्रिकेटचा मोठा सामना दुपारी असेल तर मीटिंग रूममधल्या एका टीव्हीवर लावून द्या. वीस फोनवर वीस स्ट्रीम चालण्यापेक्षा एक परवडतो, आणि माणसं स्कोअर बघून जागेवर परत येतात.

फिल्टर: थोडा, पण पक्का

ऑफिस नेटवर्कवर डीएनएस फिल्टर पुरेसा आहे. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सेवा. क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.२ हा डीएनएस घातक साइट अडवतो, १.१.१.३ त्याबरोबर अश्लील साइटही. क्वाड-नाइनचा ९.९.९.९ घातक साइट अडवतो. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेटिंगमध्ये) तो पत्ता टाकला आणि काम झालं असं समजू नका. कुणीही मशीनमध्ये हाताने गूगलचा डीएनएस ८.८.८.८ टाकलं की फिल्टर संपला. म्हणून पोर्ट ५३ (डीएनएसची विचारणा जाते ती वाट) वरचा सगळा डेटा, यूडीपी आणि टीसीपी या दोन्ही पद्धतींचा, राउटरकडेच वळवा आणि कूटबद्ध डीएनएसचा पोर्ट ८५३ बंद करा. क्रोम आणि एजमधलं 'सिक्युअर डीएनएस' पॉलिसीने (सगळ्या मशीनवर सक्तीने लागू होणाऱ्या सेटिंगने) बंद ठेवा, नाहीतर ब्राउझर स्वतःच्या वाटेने विचारणा करतो.

आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४) हमखास विसरलं जातं. नेटवाल्याचा मोडेम आयपीव्ही६ चालू ठेवून स्वतःचा डीएनएस वाटत असतो. आयपीव्ही४ वर कडेकोट बंदोबस्त आणि शेजारी सताड उघडं दार! एकतर तिथेही तोच फिल्टर लावा, नाहीतर ऑफिस नेटवर्कवर आयपीव्ही६ बंद करा.

काय अडवायचं? घातक साइट, अश्लील साइट, सट्टा, टोरेंट आणि पायरेटेड सिनेमे. बस. व्हॉट्सअॅप वेब अडवू नका, निम्म्या ऑर्डरी आणि ट्रकचे नंबर त्यावरच येतात. यूट्यूबही अडवू नका, टॅलीतली एखादी नोंद किंवा मशीनचा एरर कोड तिथेच समजून घेतला जातो. चुकून एखादी कामाची साइट अडली तर कुणाला सांगायचं ते ठरवा, आणि त्या माणसाने अर्ध्या तासात उघडून द्यायची. जिथे दोन-दोन दिवस लागतात तिथे हॉटस्पॉट सुरू होतात.

कीलॉगर (दाबलेली प्रत्येक कळ नोंदवणारं सॉफ्टवेअर) आणि दर मिनिटाला स्क्रीनचा फोटो काढणारी सॉफ्टवेअर घेऊ नका. त्यांत कर्मचाऱ्याच्या बँकेचा पासवर्ड, ओटीपी, दवाखान्याचा रिपोर्ट असं सगळं साठतं. ते फुटलं तर जबाबदारी तुमची, आणि माणसाचा विश्वास जातो तो वेगळाच.

एका पानाचा नियम

वीस पानी इंग्रजी पॉलिसीवर सही घेऊन काही होत नाही. मराठीत एक पान लिहा, सगळ्यांना बसवून वाचून दाखवा, प्रश्न घ्या आणि मग सही घ्या. मजकूर असा ठेवता येईल:

"जेवणाच्या आणि चहाच्या सुट्टीत स्वतःच्या फोनवर गेस्ट वाय-फाय वापरायला हरकत नाही. बँक, वीजबिल, शाळेचा अर्ज, तिकीट अशी पाच-दहा मिनिटांची कामं कामाच्या वेळेतही चालतील, फक्त शेजारच्याला सांगून. ऑफिसच्या मशीनवर स्वतः सॉफ्टवेअर किंवा ब्राउझरचं एक्स्टेंशन टाकायचं नाही. दुसऱ्याला दुरून आपलं मशीन चालवू देणारं एनीडेस्कसारखं अॅप कुणी फोन करून सांगितलं म्हणून उघडायचं नाही. ग्राहकांची कागदपत्रं स्वतःच्या मेलवर, ड्राइव्हवर किंवा एआय चॅटमध्ये टाकायची नाहीत. ऑफिसच्या लॅपटॉपला फोनचा हॉटस्पॉट जोडायचा नाही. नेट बंद पडलं तर आधी सांगायचं. कामाच्या वेळेत शेअर ट्रेडिंग नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो, म्हणजे जवळजवळ ऑफिसच्याच वेळेत. शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या सौद्यात पैसे अडकलेल्या माणसाचं लक्ष हिशेबात राहत नाही, मग त्याने फोन खिशात ठेवला तरी. उलट तत्काळ तिकिटाला सूट द्या. एसीचं बुकिंग दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं. गणपतीला कोकणात जाणाऱ्याला ती दहा मिनिटं दिलीत तर तो संध्याकाळी स्वतःहून थांबेल.

शॉपफ्लोअरचा नियम वेगळा आणि कडक हवा. प्रेस, लेथ किंवा सीएनसी चालवताना फोन हातात नको. हा प्रश्न बोटं वाचवण्याचा आहे. फोन लॉकरमध्ये ठेवायला लावलात तर सुपरवायझरच्या टेबलावरचा नंबर सगळ्यांच्या घरी कळवा आणि घरून आलेला निरोप लगेच पोचवा. ही सोय नसेल तर फोन बुटात लपवून आत येतोच.

त्याच पानावर नोंदींबद्दलही स्पष्ट लिहा: काय नोंदलं जातं, कोण बघतं, किती दिवस ठेवलं जातं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी सिस्टीमचे लॉग (नोंदी) १८० दिवस भारतात ठेवायचे असतात, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला मुभा आहे. पण ती मुभा म्हणजे कुणाच्या खासगी गप्पा वाचायचा परवाना नव्हे. लॉग बघायचा अधिकार दोघांनाच द्या आणि कधी, कशासाठी बघितला याची वहीत नोंद ठेवा.

कुणी मर्यादा ओलांडली तर

फायरवॉलच्या रिपोर्टमधले तास कुणाच्या तोंडावर फेकू नका. व्हॉट्सअॅप वेब सकाळी उघडून ठेवलं की रिपोर्टमध्ये 'आठ तास' दिसू शकतं. बातम्यांच्या साइटवरच्या जाहिराती पंधरा वेगळ्या साइटच्या नावाने नोंदल्या जातात. मागच्या टॅबमधलं पान आपोआप ताजं होत राहतं. कर्मचाऱ्याने हे दाखवून दिलं की तुमचं खरं म्हणणंही फोल ठरतं.

सुरुवात कामापासून करा. बाजूला बोलावून, दार लावून: "गेल्या महिन्यात तुमच्याकडची तीन बँक रिकन्सिलिएशन उशिरा आली. काही अडचण आहे का?" आणि मग गप्प बसा. अनेकदा घरचं आजारपण निघतं, कधी काम कमी असल्यामुळे आलेला कंटाळा. कंटाळा असेल तर दोष काम वाटणाऱ्याचा आहे. नेटचा विषय निघालाच तर स्वतः पाहिलेलं तेवढंच बोला, आणि काम कधीपर्यंत पूर्ण होईल ती तारीख दोघांनी मिळून ठरवा. त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका. पुन्हा तेच झालं तर लेखी मेमो, त्यानंतर कारणे दाखवा नोटीस आणि उत्तराला पुरेशी मुदत. मात्र अश्लील मजकूर, ग्राहकाचा डेटा बाहेर जाणं किंवा सहकाऱ्याचा छळ असेल तर ही पायरी-पायरीची वाट नाही. मशीन तसंच बाजूला ठेवा, त्याला हात लावू नका आणि वकिलाला फोन करा.

साहेबांचा भाचा दुपारी केबिनमध्ये मोठ्या आवाजात वेबसिरीज बघत असेल, तर आधी त्याच्याशी बोला. सही केलेल्या कागदाची किंमत बाकीची माणसं त्यावरूनच ठरवतात.