ट्यूमर मार्करचा अहवाल वाचताना या चुका टाळा

ट्यूमर मार्कर म्हणजे कर्करोगात रक्तातील प्रमाण वाढू शकणारे पदार्थ. त्यांपैकी सीईए किंवा सीए १९-९ चा आकडा मर्यादेच्या आत आला म्हणजे पचनसंस्थेचा कर्करोग नाही, असे धरून चालणे ही सर्वांत घातक चूक आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यात अनेक रुग्णांचा सीईए सामान्यच असतो. शौचावाटे रक्त जात असताना किंवा कारण नसताना वजन घटत असताना अशा अहवालावर विसंबून कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) लांबणीवर टाकली, तर आजार पूर्ण बरा होण्याचा काळच हातचा निघून जातो. निदान बहुतेक वेळा बायोप्सीवरच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीवरच, ठरते. सिरोसिसच्या (यकृतावर व्रण पडून ते कठीण होण्याच्या आजाराच्या) रुग्णातील यकृताच्या कर्करोगाचे निदान मात्र विशिष्ट स्वरूपाच्या सीटी किंवा एमआरआयवरूनही करता येते.

उलट बाजूची चूक म्हणजे वाढलेला आकडा पाहून कर्करोगच गृहीत धरणे, आणि सीए १९-९ च्या बाबतीत ती फार घडते. हा पदार्थ पित्तावाटे शरीराबाहेर जातो. त्यामुळे पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली, त्यात जंतुसंसर्गाची भर पडली, की ३७ युनिट प्रति मिलीलीटर ही नेहमीची मर्यादा ओलांडून आकडा कधी कधी हजारांच्या घरात जातो. अशा वेळी अडथळा दूर करून, बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारे पिवळे रंगद्रव्य) उतरल्यावर चाचणी पुन्हा केली तरच तिला काही अर्थ राहतो. अर्थात त्यामुळे स्कॅन थांबवायचे नसते, कारण नलिका स्वादुपिंडाच्या गाठीनेही दबलेली असू शकते. शिवाय सुमारे ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात लुईस नावाच्या, ए-बी-ओपेक्षा वेगळ्या रक्तगटाच्या वैशिष्ट्यामुळे सीए १९-९ जवळजवळ तयारच होत नाही. त्यांच्यात स्वादुपिंडाचा कर्करोग पसरलेला असतानाही अहवाल निर्दोष दिसू शकतो, आणि हे लक्षात ठेवणारे फार थोडे.

धूम्रपान करणाऱ्यांचा सीईए मुळातच थोडा जास्त असतो. यकृताच्या कर्करोगासाठी तपासले जाणारे एएफपी हे ट्यूमर मार्कर गरोदरपणात आणि यकृताच्या दाहातही वाढते.

आतड्याच्या कर्करोगावरील उपचारांनंतरच्या पाठपुराव्यात सीईए खरोखर मोलाचा ठरतो, पण तेथेही दर वेळी प्रयोगशाळा बदलण्याची चूक होते. निरनिराळ्या कंपन्यांच्या किटवर एकाच नमुन्याचे आकडे वेगळे येतात, म्हणून चाचणी शक्यतो एकाच ठिकाणी करावी. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असल्यास तेही आधी सांगावे, कारण काही पद्धतींत त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो.

शस्त्रक्रियेपूर्वीची सीईएची नोंद नसेल, तर नंतरच्या आकड्याची तुलना कशाशी करणार? शस्त्रक्रियेनंतर लगेच तपासणी करण्याची घाईही नको, कारण सीईए पूर्ण उतरायला काही आठवडे लागतात. केमोथेरपीच्या पहिल्या काही आठवड्यांत तो तात्पुरता वाढूही शकतो, म्हणून एकाच वाढीव अहवालावरून औषध बदलण्याचा आग्रह धरू नये. चाचणी पुन्हा करूनही आकडा चढताच राहिला, तर डॉक्टरांशी बोलून स्कॅन मात्र लगेच करून घ्यावा.