लष्करी चाचणी वैमानिकाने नागरी चाचणीकडे कसे वळावे

लढाऊ विमानांच्या चाचण्यांचा अनुभव घेऊन नागरी क्षेत्रात येणाऱ्या वैमानिकाने प्रथम प्रमाणीकरणाचे, म्हणजे विमानाला सुरक्षित म्हणून अधिकृत मान्यता देण्याचे, नियम मुळातून अभ्यासावेत. कारण तेथे विमानाची कमाल क्षमता दाखवण्यापेक्षा, असामान्य कौशल्य नसलेल्या वैमानिकालाही ते सुरक्षितपणे हाताळता येते, हे सिद्ध करायचे असते. १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या एम्पायर टेस्ट पायलट्स स्कूलसारख्या संस्थेतील प्रशिक्षण येथेही उपयोगी पडते. फ्लटरची, म्हणजे वेगामुळे पंख किंवा शेपटीत निर्माण होऊन वाढत जाणाऱ्या धोकादायक कंपनांची, चाचणी घेताना वेग टप्प्याटप्प्यानेच वाढवावा, प्रत्येक टप्प्यावरील नोंदी अभियंत्यांनी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये आणि चाचणी कुठे थांबवायची, हे उड्डाणापूर्वीच ठरवावे. विमान हाताळायला किती सोपे वा अवघड आहे, हे वैमानिक ज्या कूपर-हार्पर श्रेणीने मोजतो, तीत १ ते १० पैकी कोणता आकडा दिला, यापेक्षा तो का दिला हे सांगणारे शब्द अभियंत्याला, माझ्या मते, अधिक उपयोगी पडतात; म्हणून ते उतरताच लिहून काढावेत.